खिंड कुणासाठी लढवली

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. सांगलीत माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक नुसतं "गाडी आवाज करतीय" म्हणालं की पुढचं त्याला बोलू न देता मीच सांगतो, चेन सैल झालीय. बहुतेक वेळा चेनच असते. नसते तेव्हा काय असतं ते गिऱ्हाईक सांगतच असतं, पण तोवर माझं लक्ष पान्ह्याकडे गेलेलं असतं.

या स्वभावाचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या बहिणीला झाला, आणि ते मला कळायला एका खेळाची गरज पडली. बहीण माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आमचं घर पूर्वेकडच्या दुष्काळी भागातलं, मेंढरांमागे फिरणारं. मी सोळाव्या वर्षी सांगलीत कामाला आलो. लग्न झाल्यावर बहिणीलाही शाळेसाठी आणलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. तोवर ती वडिलांबरोबर कळपामागे चालायची. ती बोलताना अडखळते. लहानपणापासून. शब्द येतो, ओठापाशी थांबतो, आणि मग बराच वेळ तिथेच उभा राहतो. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी तिचं वाक्य पुरं करायचो. शाळेत, दुकानात, पाहुण्यांत. मी तिला मदत करतोय अशी माझी खात्री होती.

पुढे तिने जनावरांच्या दवाखान्याची पदविका घेतली आणि सांगलीतच एका डॉक्टरांच्या हाताखाली लागली. तिथे बोलायचं काम डॉक्टरांचं, हात चालवायचं हिचं. चार वर्षं ती तिथे होती. जनावरं तिच्यापुढे गरीब होऊन उभी राहायची, पण मालकाने काही विचारलं की उत्तर डॉक्टर द्यायचे.

खेळ आणला मास्तरांनी. हे मूळचे रहिमतपूरचे, सांगलीत एका शाळेत गणित शिकवतात. पुण्यात शिकताना त्यांना या खेळाचा नाद लागला होता. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. गोष्टीत लढाई लागली की चौकटी आखलेल्या कागदावर सोंगट्या मांडायच्या. मास्तर गाडी घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "दादा, रविवारी दुपारी गॅरेज बंदच असतं. आपण बसायचं का?" मी म्हटलं, पोरखेळ आहे. मग समोरचा मेडिकलवाला तयार झाला, त्यामुळे मला मागं राहता येईना. चौथं माणूस पाहिजे होतं म्हणून बहिणीला घेतलं.

इंजिन उघडायच्या बाकावर आम्ही जुना फ्लेक्स उलटा अंथरला आणि मार्करने चौकटी आखल्या. शत्रू म्हणून चिंचोके. मोठा राक्षस असला तर हळकुंड, ते सांगलीत शोधावं लागत नाही. फासा घरंगळून ग्रीसमध्ये जायला लागला म्हणून तो जर्मनच्या थाळीत टाकायचं ठरलं. मी तलवारबाज झालो, मेडिकलवाला मांत्रिक. बहीण वाटाड्या झाली. तिच्याकडे धनुष्य होतं आणि सामानाची यादी होती. ती यादी तिने फार मन लावून लिहिली, आणि ती काय लिहितेय हे मी एकदाही वाकून पाहिलं नाही.

लढाईत कुणाचा डाव आधी, कुणाचा नंतर, तेही फाशावर ठरतं. मास्तर आकडे मांडून क्रम लावायचे. पण आमच्याकडे क्रम लावून काय उपयोग? मेडिकलवाल्याचा पहिला डाव आला तरी तो माझ्याकडे बघायचा. मी वयाने थोरला, आणि थोरल्याच्या आधी बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं. मी म्हणायचो, जाळ टाक. तो जाळ टाकायचा. बहिणीचा डाव आला की ती तोंड उघडायची आणि मी सांगायचो, ती बाण मारतीय. मास्तर तिच्याकडे पाहायचे, ती मान हलवायची. मला वाटायचं, काय झकास चाललंय आपलं.

तिसऱ्या रविवारी मास्तरांनी आम्हाला एका खिंडीत आणलं. जळालेल्या गावातली बारा माणसं आम्ही डोंगरापलीकडे सोडायला निघालो होतो. मास्तर म्हणाले, माणसं कधीच पुढे उतरून गेली, त्यांना आता धोका नाही. तुम्ही तिघं खिंडीच्या तोंडाशी आहात आणि मागून लांडग्यांवर बसून वीस जण येताहेत. एवढं बोलून त्यांनी चिंचोक्यांची मूठ फ्लेक्सवर पसरली.

आता सातारा-सांगलीच्या माणसापुढे खिंड हा शब्द टाकल्यावर तो दुसरं काही ऐकेल का? आमच्याकडे गॅदरिंगमध्ये शेंबडं पोरगं लाकडी तलवार घेऊन खिंड लढवतं आणि खाली बसलेली आई डोळे पुसते. माझ्या अंगात आलं. मी म्हटलं, एक पाऊल मागं घ्यायचं नाही. मेडिकलवाल्याला डावीकडे उभा केला. बहिणीचा डाव आला, तिने खिंडीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि शब्द जुळवायला लागली. मी म्हटलं, "ती माझ्या शेजारी उभी राहून बाण मारणार."

मेडिकलवाला दुसऱ्या फेरीत पडला, बहीण तिसऱ्या फेरीत, आणि मी चौथ्या फेरीपर्यंत टिकलो ते केवळ नशिबाने. आमची तिन्ही माणसं मेली. मी तरीही खूश होतो. मरण असावं तर असं, असं काहीतरी मी म्हणालोही.

मास्तरांनी चिंचोके डब्यात भरत विचारलं, "दादा, खिंड कुणासाठी लढवली?"

माणसं तर कधीच पोचली होती. मागे राखायला कुणी नव्हतं. आम्ही निघून गेलो असतो तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी मेडिकलवाल्याकडे वळलो, तर तो म्हणाला, "आवं दादा, मला वाटतच हुतं निघावं म्हनून. पन तुमी थोरलं. तुमी थांबा म्हनला, थांबलो."

"मग तवा काय तोंडात गुळणी धरलीवतीस?" मी त्याच्यावर चिडलो. स्वतःवर चिडायचं मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे बहिणीने काढलेलं चित्र सापडलं. खिंड, तिचं अरुंद तोंड, आणि तोंडावर आडव्यातिडव्या रेघा. विचारल्यावर तिने तिची सामानाची यादी पुढे केली. पहिलीच वस्तू होती मेंढरं कोंडायची जाळी. ती खिंडीच्या तोंडाला ताणून बांधायची, लांडगे तिच्यात अडकून पडले की तेवढ्यात तिघांनी उतरून जायचं. जाळी पहिल्या दिवसापासून तिच्यापाशी होती. आम्हा तिघांत तोंडाला जाळी बांधायचं सुचलेलं माणूस एकच होतं, आणि तेच बाण मारत मेलं.

"मग बोलली का न्हाईस?" मी म्हणालो. ती तोंड उघडतेय तोवर मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. कडेगावकडच्या एका दूध संघाला गोठ्यागोठ्यावर जाऊन जनावरं तपासणारं माणूस हवं होतं. जनावरं बघायची आणि मालकाला समजावून सांगायचं. म्हणजे रोज नव्या माणसांशी बोलायचं काम. तिने अर्ज केला होता हेच मला माहीत नव्हतं. तिला ही नोकरी किती हवी होती ते तिने बोलावण्याचं पत्र कितीदा घडी घालून उघडलं त्यावरून कळत होतं. मी म्हटलं, काळजी करू नको, मी शब्द टाकतो. ती म्हणाली, "न… नको." मी ते नको ऐकलं आणि कानाआड केलं.

आपल्याकडे कुठल्याही कामाला जायच्या आधी कुणाकरवी तरी शब्द टाकायचा असतो. रेशनकार्डापासून सोयरिकीपर्यंत. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नाही, मलाही वाटलं नाही. कडेगावचा एक ऊसवाला माझं गिऱ्हाईक आहे, त्याचे पाहुणे त्या संघात बसतात. बुधवारी मी त्याला फोन केला. "बहीण येनार हाय. हुशार हाय, पन बोलताना अडकती. जरा सांभाळून घ्या म्हनावं." तो म्हणाला, सांगतो की. मी बहिणीला यातलं काही बोललो नाही.

रविवारी मास्तर नवा नियम घेऊन आले. ज्याचा डाव असेल त्यानेच बोलायचं. दुसरा कुणी मध्ये बोलला तर त्याचा पुढचा डाव गेला. घड्याळ नाही, घाई नाही, पण तोंडं बंद. हा नियम कुणासाठी आहे ते मला कळत होतं आणि मला रागही आला होता. त्या दुपारी पहिल्या तासात माझे तीन डाव गेले. मेडिकलवाला खाली बघून हसत होता. चौथ्या वेळी मी हातातलं फडकं तोंडात धरलं. फडक्याला ऑईलचा वास होता, पण उपाय लागू पडला.

आधीची माणसं मेल्यामुळे आम्ही नवी घेतली होती. फक्त बहिणीने पुन्हा वाटाड्याच घेतला. या खेपेला बारा गावकरी आमच्याबरोबरच होते. त्यात एक म्हातारी, तिला चालवत नव्हतं. पुढे घळीवर दोरांचा पूल, मागे पुन्हा तेच लांडगेस्वार. माझ्या हातात आता दुधारी कुऱ्हाड होती. मला दिसत होतं, मी वाटेत आडवा उभा राहिलो तर सहा-सात तरी लोळवीन. मला ते फार करायचं होतं.

डाव बहिणीचा होता. तिने फ्लेक्सकडे बघितलं. एक-एक सोंगटी मोजली. मग तोंड उघडलं आणि शब्द अडकला. मास्तर शांत बसले होते. मेडिकलवाला फासा बोटात फिरवत होता, तोही थांबला. बाहेरून एक रिक्षा गेली, मग सिटी बस गेली. मी फडकं चावत होतो. तिला काय म्हणायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणणार, दादा तू वाट अडव.

"दादानं," ती म्हणाली, आणि पुन्हा थांबली. "दादानं लढायचं न्हाई. म्हातारीला उचलायचं."

माझ्या तोंडातलं फडकं पडलं. तिने हळूहळू सगळं सांगितलं. मी म्हातारीला पाठीवर घेऊन सगळ्यांच्या आधी पुलावर जायचं. माझ्यामागे पोरं, मग बाकीचे. मांत्रिकाने धूर करायचा, मारायच्या भानगडीत पडायचं नाही. ती स्वतः वाटेवर जाळी ताणणार आणि शेवटी पलीकडे येऊन पुलाचे दोर कापणार. एवढं सांगायला तिला खूप वेळ लागला. कुणीही हललं नाही.

आम्ही तसं केलं. फासे काही फार चांगले पडले नाहीत, मांत्रिकाचा धूर एकदा फसलासुद्धा. पण बाराच्या बारा माणसं पलीकडे गेली. दोर कापले तेव्हा फ्लेक्सवर वीस चिंचोके जसेच्या तसे उभे होते. एकही मेला नव्हता.

"जिंकलात," मास्तर म्हणाले.

मी बहिणीला विचारलं, हे तुला सुचलं कसं. या वेळी मी थांबलो. ती म्हणाली, "लांडगा आला की बाबा लांडग्यामागं जात न्हाईत. कळप काढत्यात. आधी लंगडं, मग पिल्लं. लय तगडा गडी असंल त्यानं वझं उचलायचं." एवढं सलग बोलणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. मला फार आनंद झाला, आणि घरी जायला गाडी काढताना आठवलं की बुधवारी आपण काय करून ठेवलंय. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तिने आत जाऊन तोंड उघडायच्या आधीच मी तिचा डाव खेळून बसलो होतो.

मी लगेच ऊसवाल्याला फोन लावला. म्हटलं, त्या दिवशीचं सोडा, काही सांगू नका. तो म्हणाला, "आवं, सांगून टाकलं की मी. ते म्हनले, बघू." माझ्यावर उपकार केल्याच्या सुरात त्याने आणखी काय काय सांगितलं ते मी ऐकलं नाही.

मुलाखत शुक्रवारी होती. चार दिवस मी स्वतःशी भांडत होतो. गप्प बसलो असतो तर तिला कदाचित कळलंही नसतं. शुक्रवारी सकाळी तिला गाडीवर बसवून निघालो. पलूस मागे पडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडायला लागली, तेव्हा मी ती बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. कुणाला फोन केला, काय बोललो, शब्द न् शब्द.

ती खाली उतरली. रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. चार-पाच ट्रॉल्या गेल्या असतील. मग ती वळली. तिचे डोळे भरलेले होते, पण ती रडत नव्हती, ती चिडली होती. माझ्यासारखीच चिडते ती. मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण चिडायलाही बोलावं लागतं.

"त्यांनी मला बघायच्या आधी… तू मला लंगडं करून ठेवलंस," ती म्हणाली. मी गाडी स्टँडला लावली. डोळे पुसून ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. आत गेल्यावर त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं असतं, तर मी तिथंच गार पडले असते. आता काय करायचं ते मला ठरवता येतंय." मग गाडीवर बसली आणि म्हणाली, "तू फाटकाच्या बाहेर थांब."

मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. तास झाला, सव्वा तास झाला. मी दोनदा उठलो आणि दोनदा खाली बसलो. ती बाहेर आली तेव्हा मी काय झालं विचारलं नाही. नुसतं सरकून बाकड्यावर जागा केली.

तिने सांगायला अर्धा तास घेतला. आत तिघं होते. तिने बसल्याबरोबरच सांगितलं, मी अडखळते, तुम्हाला थांबावं लागंल, गायींनी अजून तक्रार केलेली न्हाई. त्यावर एकजण हसला. मग त्यांनी व्यायल्यावर खाली बसून न उठणाऱ्या गाईबद्दल विचारलं. ती सांगत असताना मधे तिचा शब्द अडकला, आणि कोपऱ्यातल्या साहेबांनी तिचं वाक्य पुरं करून दिलं. बहुतेक माझा फोन त्यांच्यापर्यंतच पोचला असावा. चांगल्या मनानेच केलं असणार त्यांनी, मला ते चांगलंच माहीत आहे. ती त्यांना म्हणाली, "थांबा साहेब, माझं झालं न्हाई." आणि त्यांनी जे म्हटलं होतं ते औषध का द्यायचं नाही, तेही तिने सांगितलं. निघताना त्यातल्या थोरल्यांनी तिला विचारलं, एक तारखेपासून येता येईल का.

मला तिचा अभिमान वाटला. मी तिला तसं सांगितलंही. मग काहीतरी करायला पाहिजे म्हणून टपरीवाल्याला हाक दिली, "दोन चहा. एकात साखर जास्त." त्याने ग्लास आणून आमच्यामध्ये ठेवले.

तिने ग्लासाकडे पाहिलं. बोलू की नको असं तिचं चाललेलं दिसलं. मी थांबलो.

"दादा, मला चहा आवडत न्हाई."

"कवापास्नं?"

"पहिल्यापास्नं."

आणि मला आठवलं. ती दहा वर्षांची, आमच्या दारात नुकती आलेली, हातात कपड्यांचं बोचकं. माझ्या बायकोने विचारलं होतं, चहा घेतेस का गं. ती तोंड उघडून उभी होती आणि मी म्हणालो होतो, घेती की, साखर जास्त टाक. त्यानंतर सोळा-सतरा वर्षं, सकाळ-संध्याकाळ.

"मग तुला काय पायजे?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होतो.

ती उत्तर न देता उठली आणि रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर गेली. काहीतरी सांगायला लागली, आणि अडकली. रसवाला हातातलं कांडं तसंच धरून तिच्याकडे बघत थांबला. मी बाकड्यावरून हललो नाही. ती बोलत राहिली, मी दोन्ही चहा पिऊन टाकले.